ओटीवरची चौकशी

लोकांना वाटतं, पोलिसाचं आयुष्य चोरांच्या मागे धावण्यात जातं. माझं बंदुका मागणाऱ्यांच्या ओट्यांवर चहा पिण्यात गेलं. खालापूर आणि कर्जत या दोन ठाण्यांत माझी बहुतेक नोकरी झाली, आणि त्यातला मोठा तुकडा लायसनच्या टेबलावर. निवृत्त झालो तो हवालदार म्हणून. आज भिसेगावात पोरंसोरं मला हवालदारच म्हणतात. माझं खरं नाव निम्म्या आळीला ठाऊक नसेल.

हे टेबल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या जावयालासुद्धा वाटायचं की बंदूक म्हणजे दुकानात जाऊन घ्यायची वस्तू. तसं नव्हतं. अर्ज करायचा अलिबागला, कलेक्टरकडे. तिथून तो फिरत फिरत मामलेदाराकडे आणि आमच्या ठाण्यात यायचा. मग आमच्यापैकी एकानं त्या गावात जायचं, अर्जदार कसा माणूस आहे, त्याला खरोखर गरज आहे का, याची चौकशी करायची, पोलीस पाटलाचे आणि दोन-तीन पंचांचे जबाब घ्यायचे. त्यावर फौजदारसाहेब ‘शिफारस आहे’ किंवा ‘शिफारस नाही’ एवढं लिहून सही ठोकायचे. द्यायचं की नाही ते अलिबाग ठरवणार. पण खरं सांगू का, अलिबागला त्या माणसाचं तोंडही दिसत नसे. तोंड बघणारा मी.

अर्ज दोन जातीचे. एक शेतीसंरक्षणाचा. आमच्याकडे भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात. त्यासाठी ठासणीची बंदूक मिळायची, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे ती. ही लांबलचक, खांद्यावर टाकली की गावभर दिसणारी. दुसरा अर्ज रिव्हॉल्वरचा, स्वतःच्या जिवाला धोका आहे म्हणून. ते कमरेला लावायचं, वर सदरा सोडायचा. हा दुसरा प्रकार आधी आमच्याकडे कोणी मागत नसे. मोहोपाड्याच्या बाजूला कारखाने आले, मुंबई-पुणे रस्त्यावर धंदे वाढले, तसे हे अर्ज यायला लागले.

ठासणीवाल्यांनी मला हसवलं, आणि घामही फोडला. एकदा एक म्हातारी नवऱ्याची बंदूक जमा करायला आली. लायसनवाला वारला की बंदूक ठाण्यात आणून द्यायची, असा नियम. बाईनं ती गोधडीत गुंडाळून एसटीनं आणली होती. गाडीत गर्दी, तर कोणा भल्या माणसाच्या मांडीवर ठेवली होती म्हणे! मी सहज नळीत गज घातला, तर गज अर्ध्यावरच अडला. बार भरलेला! नशीब, ठिणगी पाडणारी टोपी वर चढवलेली नव्हती.

“आजी, ही भरलेली हाय!” मी ओरडलोच.

“मंग? आमचे हे कायम भरूनच ठेवायचे. रिकामी बंदूक कशाला, कपडे वाळत घालायला?”

आणि कुंभिवलीचे ते ढाबेवाले जग्गूशेठ! यांनी रिव्हॉल्वर मागितलेलं. मी चौकशीला गेलो तर गडी रेशमी सदरा घालून बसलेला आणि कमरेला हा एवढा फुगवटा. माझं डोकंच फिरलं. अर्ज अजून कागदावर, आणि हा लावून फिरतोय? मी त्याचा हात धरला, म्हटलं, “शेठ, गुपचूप बाहेर काढा.” शेठनं खाली मान घालून सदरा वर केला. आत पनवेलच्या चांभाराकडून शिवून घेतलेलं झकास चामडी घर, आणि त्या घरात पितळी पानाचा डबा.

“सवय करतोय, हवालदार,” तो म्हणाला. “आतापासूनच उधारीवाले सायब म्हणाया लागलेत.”

मी हसून हसून बेजार झालो. पण या लोकांची खरी भूक मला तिथं कळली. सदऱ्याखाली लपवून बाळगायची वस्तू, पण ती लपवलेली आहे हे मात्र सगळ्यांना दिसलं पाहिजे. शेठला रिव्हॉल्वर मिळालं नाही, आणि पानाच्या डब्यावरच त्याचा वचक शेवटपर्यंत टिकला.

म्हणूनच वसंताच्या अर्जानं मी जरा बुचकळ्यात पडलो. हे आणीबाणी उठल्यानंतरचं, मी खालापूरला असतानाचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डोंगराच्या पायथ्याचं, भाताचं गाव एवढं पुरे. वसंता तिशीतला, अंगानं सडसडीत. कारखान्यांना रोजंदारीची माणसं पुरवायचा. गावातली पोरं आणि वरच्या वाडीवरची आदिवासी माणसं टेंपोत घालून न्यायची, काम करून घ्यायचं, शनिवारी पगार वाटायचा, असं त्याचं काम. त्यानं रिव्हॉल्वर मागितलं होतं. पण हा जग्गूशेठसारखा नव्हता. धड इस्त्रीचा सदरा नाही, मिरवायची हौस नाही. ओटीवर भिंतीला टेकून गप्प बसलेला.

सगळे जमले होते. गावचे पोलीस पाटील गोमा पाटील, वय झालेला, पिकल्या मिश्यांचा, गावानं ज्याच्यापुढे मान तुकवावी असा माणूस. लक्षुमण सुतार, आणि आणखी दोघं. दाराआडून एका बाईचा हात पुढे आला आणि चहाचं ताट ठेवून मागे गेला. आमची चौकशी नेहमी अशीच चालायची. ओटीवर पुरुष, आत बायका. आतल्या माणसाला कोणी काही विचारत नसे, तशी रीतच नव्हती.

“वसंता कसा माणूस हाय?” मी विचारलं.

“एकदम सरळ,” गोमा पाटील म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. पण माना हलवताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हे मी बघितलं आणि सोडून दिलं. ओटीवर पोलीस आला की माणसं जराशी अवघडतातच.

मग मी वसंताला विचारलं, “धोका कोणापासून?”

त्यानं डोंगराकडे बघितलं. मग म्हणाला, “वाडीवरच्या लोकांपासून. टाकीचं झालं ना, तवापासून.”

टाकीचं मला माहीत होतं. आदल्या वर्षी मोहोपाड्याकडच्या एका कारखान्यात टाकी साफ करायला वाडीवरचे दोन तरुण उतरले, ते आतल्या वायूनं गुदमरून गेले. माणसं वसंताची, त्यानं पुरवलेली. कारखान्यानं घरच्यांना काहीतरी दिलं आणि प्रकरण मिटलं. मला वाटलं, बरोबर आहे, ज्यांची पोरं गेली ती माणसं चिडणारच. कारण पक्कं वाटत होतं.

तरी मी वाडीवर चढून गेलो, कारण धोका आहे म्हटलं की तो बघून यायचा, ही माझी खोड. मेलेल्यांपैकी एकाचा बाप अंगणात टोपली विणत होता. म्हटलं, तुम्ही वसंताला धमकी दिली का? म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला.

“आमी? त्याला कशाला मारू? तो दर बाजाराच्या दिशी येतो. तिथं झाडाखाली बसतो. बोलत नाय, खात नाय. पानी देतो आमी, तेवढं पितो आनि जातो.”

“काही म्हणत नाही?”

“नाय.”

धोका नाही, असं मी टिपून घेतलं आणि उतरलो. धोका आढळला नाही तरी पगार घेऊन एकट्यानं जंगलवाटेनं येणारा माणूस, गावानं सरळ म्हटलेला, वर अलिबागहून कोणीतरी फौजदारसाहेबांना शब्द टाकलेला. शिफारस होणार हे जवळजवळ ठरलं होतं.

आणि बाजाराच्या दिवशी ती बाई ठाण्यात आली.

वाल-पापडीची पाटी डोक्यावरून उतरवून ती आवारातल्या झाडाखाली बसली होती. शिपाई म्हणाला, हवालदारालाच भेटायचं म्हणते. मी गेलो.

“तुमीच ना, परवा आमच्या वटीवर चा प्यालात?”

“हो.”

“तो मीच केलेला. लय गोड झाला आसंल. ध्यान तुमच्या बोलन्याकडं व्हतं, साखर जास्ती पडली.” मग तिनं पदर तोंडाशी धरला. “मी वसंताची आय. भागाबाई. सायब, त्याला ते नका देऊ.”

“काय नका देऊ?”

“ते पिस्तूल. तो कुनाला मारनार नाय वो. तो सोताला मारून घेईल.”

एवढ्या वर्षांत लायसन द्या म्हणून पाया पडणारे शेकड्यानं बघितले होते. माझ्या मुलाला देऊ नका म्हणणारी आई पहिल्यांदा बघत होतो. म्हटलं, “बाई, असं कशावरून?”

“त्याचा बाप तसाच गप झाला व्हता. खाना सुटला, झोप सुटली, निस्ता बसून राह्यचा. मंग एक दिस भाताच्या राखनीला म्हनून बंदूक घेऊन शेतातल्या माळ्यावर गेला, आनि...” तिनं पाटीतल्या शेंगा सारख्या केल्या. “लोक सांगतात, उतरताना बार उडाला. तसं नाय सायब. तसं नव्हतं ते.”

वसंताच्या बापाचा, बाळारामाचा अपघात मला ऐकून माहीत होता. मी खालापूरला येण्याच्या कितीतरी आधीचा. पंचनामा झालेला, पंचांनी सांगितलेलं, अपघात म्हणून मिटलेला. पंच कोण, ते विचारायची मला भीती वाटली. तरी विचारलं.

“गोमा पाटील, लक्षुमण सुतार... तेच की. परवा तुमच्यासंगं वटीवर बसलेले.”

अहो, मी त्या झाडाखालीच तिच्या पाटीशेजारी बसलो. शिपाई लांबून बघत होता, हवालदाराला काय झालं म्हणून.

त्याच दिवशी मी गोमा पाटलांच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो. मी तापट माणूस, तेव्हा तर जास्तच. “पाटील, बाळाराम कसा मेला?” एवढंच विचारलं. पाटलांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

“भागानं सांगितलं?”

“हो.”

“मंग झालं.” ते खळ्याच्या कडेला टेकले. “हवालदार, तवा खरं सांगितलं आसतं तर प्रेत कापायला नेलं आसतं बैलगाडीनं. दोन दिस पोलीस त्या बाईला कोंडून इचारत बसले आसते, नवऱ्याला काय बोललीस, काय खायला घातलंस. पोरगं तीन वर्साचं. आमी चौघं माळ्याखाली बसलो नि ठरवलं. बार उडाला म्हनायचं.”

“आणि सगळ्या गावानं ते धरून ठेवलं?”

“गावानं नाय धरायचं तर कुनी?”

“आणि आता वसंता सरळ माणूस, म्हणून सांगता मला? डोळ्यांना दिसत नाही का त्याचं काय चाललंय?”

“दिसतं की. पन काय सांगू? का नको, म्हनून तुमी इचारनार. मंग बापाचं काढावं लागंल. तवा खोटं बोललो ते आमी चौघं, आनि भागा बी. ह्या वयात आमाला आत घालाल, ते एक येळ चालंल. पन त्या पोराला आजवर कुनी सांगितलेलं नाय, का तुझा बाप तसा गेला म्हनून.”

मला राग कोणाचा यावा तेच कळेना. पाटलांचा? त्यांनी एका विधवेला वाचवलं होतं. आणि त्यांची तीच दया आता तिच्या मुलाच्या गळ्याशी आली होती. खरं लिहावं तर पाच म्हातारी माणसं खोटा पंचनामा केल्याबद्दल अडकणार. खरं न लिहावं तर शिफारस जाणार आणि रिव्हॉल्वर येणार. माझ्या टेबलावर कितीतरी अर्ज आले आणि गेले, पण एका अर्जात माणसाचा जीव असा उघडाबोडका पडलेला मी कधी बघितला नव्हता.

मी कागद दाबून बसलो. फौजदारसाहेब रोज विचारायचे, “काय हवालदार, ते कंत्राटदाराचं काय झालं? अलिबागहून फोन येतोय.” मी काही ना काही सबब सांगायचो. एकदा म्हटलं, पंचांचे जबाब पुन्हा घ्यायचेत. साहेब म्हणाले, घ्या, पण या आठवड्यात संपवा.

आणि त्याच आठवड्यात ती माणसं आपण होऊन आली. ऐन दुपारची वेळ. गोमा पाटील पुढे, मागे लक्षुमण सुतार आणि ते दोघं, आणि सगळ्यांच्या मागे भागाबाई. पाटलांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ठाण्यात टोपी काढलेले पाटील मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

“जबाब बदलायचा हाय.”

“बोला.”

“वसंता दारू पितो.”

माझ्या पेनाची नीब कागदावर तशीच थांबली. वसंतानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. कारखान्यातली पोरं त्याला बुवा म्हणून चिडवायची.

“रोज पितो,” पाटील पुढे म्हणाले. आवाज एकदम सपाट. “पिऊन गावात शिव्या घालतो.”

मग सुतार. “माझ्या अंगावर धावून आला व्हता. लाकूड कोरायचं किकरं घेऊन.”

मग बाकीचे दोघं. एकानं सांगितलं, बायकोला मारतो. दुसरा म्हणाला, मजुरांना मारतो. एकेक जण बोलायचा आणि बाजूला सरकायचा. मला कळून चुकलं होतं हे काय चाललंय. बापाचं लपवून मुलाला वाचवायचं, तर दुसरा रस्ताच नव्हता. एका भल्या माणसाचं नाव त्याच्याच गावानं धुळीला मिळवायचं. आणि ती सगळी सज्जन माणसं, ज्यांनी आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही, ती माझ्यासमोर उभी राहून घडाघडा खोटं बोलत होती. मी लिहीत होतो.

पाटील म्हणाले, “झालं.”

“नाय झालं,” भागाबाई म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. तिनं पदर खोचला आणि टेबलापाशी आली.

“माझा जबाब घ्या.”

“भागा, तू नको,” पाटील म्हणाले.

“घ्या म्हनते ना. तुमच्या जबाबावर उद्या तो म्हनंल, गाव जळतं माझ्यावर. आयच्या जबाबाला काय म्हनंल?” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “लिवा. वसंता मला मारतो.”

अहो, तो वसंता आईला कधी उलटा शब्दसुद्धा बोलला नसेल. ओल्या दिवसांत तिचे पाय दुखायचे, तर हा कंत्राटदार गडी रात्रीचा उठून शेकून द्यायचा, हे मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. पण त्या दुपारी ती माऊली ठाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, लिवा, मारतो. माझ्या नोकरीत एखाद्या घरातल्या बाईचा जबाब लायसनच्या चौकशीत मी प्रथमच घेत होतो, आणि तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटा होता. तिनं अंगठा टेकवला. मग शाईचा अंगठा पदराला पुसला आणि एकदम रडायला लागली. सुतारही रडत होता. मला तिथं बसवेना, मी उठून मागच्या बाजूला गेलो आणि तोंडावर पाणी मारलं.

‘शिफारस नाही’ असं गेलं. लायसन नामंजूर झालं.

वसंता आला तो थेट फौजदारसाहेबांकडे. साहेबांना आतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी त्याला फडाफडा सुनावलं, “लाज वाटत नाही? सगळं गाव सांगतंय. अरे, तुझी आई स्वतः सांगून गेली!” वसंता आवाज न करता बाहेर आला. माझ्या टेबलासमोर थांबला. तो शिव्या देईल, टेबल उलथेल, असं वाटून मी सावरून बसलो. त्यानं नुसतं बघितलं आणि गेला. ते बघणं मला पुढे बरीच वर्षं झोपेत दिसत असे.

त्या साली त्यानं कंत्राट सोडलं, गाव सोडलं. कर्जतला भिसेगावात खोली घेऊन सायकल-दुरुस्तीचं दुकान टाकलं. बायकोला आणि आईला बरोबर घेऊन आला. हे मला चांगलं ठाऊक, कारण नोकरी संपल्यावर मीही भिसेगावातच स्थिरावलो, त्याच्यापासून दोन आळ्या सोडून. तो मला बघून रस्ता बदलायचा. दसऱ्याला सगळी आळी सोनं द्यायला यायची, वसंता कधी आला नाही. माझी बायको म्हणायची, “काय वाकडं केलंयत तुम्ही त्या माणसाचं?” मी म्हणायचो, “जिवंत ठेवलंय.” आणि मनात खूश व्हायचो, खोटं कशाला सांगू. तो रागानं मान फिरवायचा, तर मला वाटायचं, फिरव बाबा, मान जाग्यावर आहे तोवर फिरव.

गेल्या वर्षी भागाबाई गेली. मी अंत्ययात्रेला गेलो. गोमा पाटील तर आधीच गेले होते. सुतार आला होता, काठी टेकत. नदीवर सगळं आटपलं, लोक पांगले. मीही निघालो होतो, तर मागून हाक आली.

“हवालदार.”

वसंता. केस पिकलेले. तो घाटाच्या पायरीवर बसला आणि मला बसायची खूण केली.

“तुमी तवा लायसन दिलं आसतंत, तर आज तिला आग द्यायला मी नसतो,” तो म्हणाला. “हे तुमाला एकदा सांगायचं व्हतं.”

माझे डोळे भरून आले. म्हटलं, “म्हणजे तुला कळलं होतं? जबाब का बदलले ते?”

“त्या दिशीच कळलं. आयनं मला मारतो म्हनून सांगितलं, तवाच कळलं. ती खोटं बोलली म्हंजी तिला सगळं ठावं हाय.”

“आणि वडिलांचं?”

“बाबाचं?” तो हसला. “शाळेत असतानाच. पोरं काय गप बसतात व्हय?”

मी हबकलो. चार पंच, एक विधवा, सगळं गाव, सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती ज्याच्यासाठी, त्याला ते शाळेपासून माहीत होतं! मी म्हटलं, “मग बापाचं मनात घेऊन तू...”

“बाबाचा काय संबंध?” तो एकदम तडकला. “तुमी सगळे बाबालाच उकरत बसलात. आय बी. बाप गेला म्हनून पोरगा जानार. हवालदार, तुमी वाडीवर गेलावता ना? मी तिथं जाऊन बसतो, हे त्यांनी सांगितलं नाय?”

“सांगितलं.”

“मंग?”

“धोका नाही, असं मी लिहिलं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. तेच, टेबलासमोरचं बघणं. “पाटलाला इचारलंत. सुताराला इचारलंत. डोंगर चढून वाडीला इचारलंत. माझ्या आयचा बी जबाब घेतलात. मी तिथंच बसलो व्हतो, भिंतीला टेकून. मला इचारलंत काय? तर धोका कोनापासून. वसंता, तुला काय झालंय रं, असं कुनी इचारलं नाय. एकानं बी नाय. मी सांगितलं आसतं. तिथंच, त्या चाच्या कपासमोर सांगितलं आसतं.”

एवढी नोकरी विचारण्यात गेली माझी. अर्जदार कसा, गरज काय, धोका कोणाचा. हा प्रश्न मला सुचला नाही. सुचायला तो कुठल्या चौकशीत नव्हता, हे खरं आहे, पण ते मी त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

मी त्याच्या शेजारी सरकलो. गुडघ्यावर हात ठेवला.

“वसंता, काय झालं होतं रं?”

तो नदीकडे बघत होता. मला वाटलं, आता उशीर झाला, आता नाही बोलणार.

“त्या दिशी टाकीत आदी मी उतरनार व्हतो, हवालदार,” तो म्हणाला. “त्या दोघांनीच म्हटलं, तू वर थांब, कपडे खराब व्हतील तुजे.”